नानांचं डॅझलिंग

आमच्या भागात कबड्डीचे सामने पुकारणारी माणसं पुष्कळ होऊन गेली. कुणाचा आवाज भोंग्याशिवायही नदीपलीकडे जाई, कुणी शेरोशायरी करी, कुणी गड्याच्या आजोबा-पणजोबांची नावं घेऊन त्याला पेटवी. नानांकडे यातलं काही नव्हतं. आवाज घोगरा, बोलणं तुटक, आणि विनोद करायला गेले की हमखास फसत. तरी भोसरीपासून चाकणपर्यंत स्पर्धा कुठल्याही मंडळाची असो, माइकवर नानाच हवेत असा सगळ्यांचा हट्ट असे. कारण नानांजवळ एक इंग्रजी शब्द होता आणि तो ते कुणालाही देत नसत.

तो शब्द म्हणजे ‘डॅझलिंग’. अख्ख्या स्पर्धेत तो फार तर एकदा निघायचा. बऱ्याच स्पर्धा तर तशाच कोरड्या जात. एखाद्या गड्याने काही अचाट केलं की नाना क्षणभर थांबत, माइक तोंडाजवळ ओढत आणि सावकाश, एकेक अक्षर मोजून दिल्यासारखं म्हणत, “डॅझलिंग.” पुढे काही नाही. मैदान उसळायचं. ‘त्याला डॅझलिंग मिळालं’ असंच लोक बोलत, ढाल मिळावी तसं. कुरुळी, चिखली, मोशी, आमची रहाटणी, कुठल्या गावात कुणाला कधी मिळालं हे बायकांनासुद्धा पाठ होतं. सोयरीक जुळवणारे मध्यस्थ सांगत, “पोरगा टेंपरवारी का हुईना कंपनीत हाय, दोन एकर बागायत हाय, आन औंदा डॅझलिंग मिळालंय.” मुलीच्या बापाला अर्थ ठाऊक नसे, पण तो मान डोलवायचा.

नाना मूळचे कुरुळीचे. पिंपरीत एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये कामाला होते, आणि रोज सायकल मारत मोशीचा पूल ओलांडून यायचे. पांढरा लेंगा, वर कंपनीचा खाकी शर्ट, डोक्याला टोपी आणि हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजीशी संबंध म्हणाल तर नट, बोल्ट, वॉशर आणि गेटपास इतकाच. स्टोअर्समध्ये अय्यर म्हणून एक साहेब होते. क्रिकेटचा सामना असला की ते खणात ट्रान्झिस्टर ठेवून इंग्रजी कॉमेंट्री ऐकत. एकदा कुणीतरी एका हाताने झेल घेतला आणि रेडिओवरचा माणूस काहीतरी म्हणाला, तेव्हा अय्यर साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. नाना त्या वेळी काउंटरवर ग्रीसचे डबे मोजत होते. रेडिओवरचा माणूस असं काय बोलला की साहेबाला बसवेना, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

अय्यर साहेबांनी अर्थ सांगितला तो प्रसंग नाना फार रंगवून सांगत. साहेब त्यांना भर बाराच्या उन्हात शेडबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “नाना, ऊपर देखो.” नानांनी सूर्याकडे पाहिलं आणि लगेच डोळे मिटले. साहेब म्हणाले, “ये डॅझलिंग. दिवा ब्राइट होता है, ट्यूबलाइट ब्राइट होती है. जिसके सामने आँख हार जाए, वो डॅझलिंग.” मग त्यांनी ताकीदही दिली म्हणे, की हा शब्द रोज वापरायचा नाही, झिजतो. नानांनी अर्थापेक्षा ही ताकीद जास्त मनावर घेतली. माणसाला कुठली गोष्ट कुठे जाऊन लागेल, काही सांगता येत नाही.

त्यानंतर नानांनी कौतुकाच्या पायऱ्याच बांधल्या. साधा गुण घेतला तर “बरं.” अवघड गुण घेतला तर “झकास.” त्याहून वर “ब्रिलियंट”, हाही साहेबांकडूनच आणलेला, पण नाना त्याला दुय्यम मानत. “ब्रिलियंट म्हंजी हुशारी,” ते आम्हांला समजावत. “गड्यानं डोकं लावलं, समोरच्याला फशिवलं, तर ब्रिलियंट. ते बघून आपल्याला वाटतं, आपुनबी करू कवातरी. डॅझलिंग बघितल्यावर तसं वाटत न्हाई. आपन काय करत हुतो तेच इसरायला हुतं.” एवढं सांगून ते तंबाखू मळायला घेत. इंग्रजीच्या मास्तरांनी आम्हांला शाळेत अनेक शब्दांचे अर्थ पाठ करायला लावले. त्यांतला एकही माझ्या लक्षात इतका राहिला नाही.

हा शब्द काढून घेण्यासाठी लोकांनी कमी खटपटी केल्या नाहीत. पिंपरी बाजारातला एक साड्यांचा व्यापारी स्पर्धेला बक्षीस लावून बसला होता. मध्यंतरात नानांनी आमच्या साड्या डॅझलिंग आहेत असं पुकारावं, एवढीच त्याची मागणी. नानांनी दुकानात जाऊन साड्या उलगडून पाहिल्या, पदर बोटांनी चाचपला आणि मध्यंतरात माइकवर सांगितलं, “साड्या चांगल्या आहेत. रंग जात नाही असं मालक म्हणतात.” व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. निवडणुकीला उभं राहिलेल्या एका पुढाऱ्यानेही उद्घाटनाच्या वेळी कानात सुचवून पाहिलं, तर नानांनी ‘माननीय’, ‘आदरणीय’, ‘कार्यसम्राट’ अशी सगळी फुलं वाहिली आणि नेमका तोच शब्द ठेवून घेतला. नंतर म्हणाले, “बाकीचं फुकाट असतंय, कितीबी द्यावं.”

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. नानी मोठी फटकळ बाई. हातावर ज्वारीची भाकरी फिरवत एकदा माझ्यासमोरच म्हणाली, “लोकाची पोरं मातीत लोळली की ह्यास्नी विंग्रजी सुचतंय. तीस वरसं भाकरी थापती, एकदा बी डोळं दिपलं न्हाईत यांचं.” नानांनी भाकरीचा पापुद्रा उचलून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “झकास.” नानीने उलथनं उगारलं. त्या घरात असं हसणं नेहमीचं होतं आणि त्या हसण्यात एक तिसरा आवाज असे, तो सोपानचा.

सोपान हा नानांच्या बहिणीचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, पाठोपाठ आईही गेली, आणि मामा-मामीनेच त्याला वाढवलं. नाना-नानींना मूलबाळ नव्हतं. सोपान काळा, शिडशिडीत, बोलायला कमी. मैदानात उतरला की मात्र तो कुणी वेगळाच होई. त्याचं पदलालित्य असं की समोरचा गडी त्याच्या पायाकडे पाहत राही आणि तेवढ्यात खांद्याला हात लागून जाई. मी त्याच्याविरुद्ध कितीदा तरी खेळलो. चढाईला येताना तो हलकंसं हसायचा. त्यात मस्ती नसायची, खेळायला मिळतंय याचाच तो आनंद असे. तो मैदानात असला की नाना माइकवर जरा अधिकच तुटक बोलत. “कुरुळी, एक गुण.” बास.

याला कारण होतं. सोपानला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मोशीच्या मैदानावर कुरुळीच्या एका गड्याला नानांनी डॅझलिंग दिलं. खेळ तसा होताही. पण समोरच्या गावाची माणसं उठली आणि ओरडू लागली, “घरचं डॅझलिंग! घरचं डॅझलिंग!” कुणी चप्पल दाखवली, कुणी स्टेजच्या बांबूला हात घातला. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा नानांनी माइक हातात घेतला आणि सगळ्या पंचक्रोशीसमोर जाहीर केलं, “हितनं पुढं कुरुळीच्या कुटल्याबी गड्याला माझ्या तोंडातून ह्यो शब्द निघनार न्हाई. भैरवनाथाची आन हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांच्या न्यायीपणाचा पुढे किती वर्षं बोलबाला झाला. आपल्याच घरात एक पोर वाढतं आहे आणि त्याचे पाय काय करणार आहेत, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शपथ घेताना माणूस आजच्या भांडणापुरतं बघतो.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी रहाटणीच्या बौद्धवस्तीतला. वडील कंपन्यांच्या बांधकामांवर बिगारी होते. ज्या शेडच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या त्या शेडमध्ये आपलं पोरगं कामाला लागावं एवढंच त्यांचं स्वप्न होतं. मी डावा कोपरा खेळायचो. गावच्या संघाकडे दुसरा धड कोपरा नव्हता म्हणून मला घेतलं, हे मला घेणाऱ्यांनी कधी लपवलं नाही. बाकीचे गडी खेळताना मिठ्या मारत आणि खेळ संपला की पाण्याचा तांब्या जरा लांबून देत. नानांच्या माइकवर मात्र माझं नाव इतरांसारखंच, पूर्ण येई. पहिल्यांदा ते भोंग्यातून ऐकलं तेव्हा आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात धरून पुन्हा ऐकलं होतं. नानांबद्दल माझ्या मनात जी माया आहे तिची सुरुवात तिथे आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांनी चाकणला मोठी स्पर्धा झाली. दुष्काळाने शेतीचं कंबरडं मोडलेलं, जो तो कंपनीच्या गेटवर उभा. त्यातच बातमी आली की एका मोठ्या कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर अंतिम सामना पाहायला येणार आहेत आणि कंपनीच्या संघासाठी एक गडी घेणार आहेत. एकच. पर्मनंट नोकरी. हे ऑफिसर, खन्ना साहेब, हॉकीतले होते, त्यांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नानांच्या शब्दाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. आदल्या दिवशी ते आयोजकांना हसत हसत म्हणाले, “मैं क्या परखूँगा? नाना जिसको डॅझलिंग बोलेगा, वो लड़का हमारा.” संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दहा गावांत पोचली. नानांनाही पोचली.

अंतिम सामना आमचा आणि कुरुळीचा. दुपार कलली होती, मैदानावर पाणी मारलेलं, चारी बाजूंनी बैलगाड्यांवर, ट्रकांच्या टपांवर माणसं. आमचे वडील कामाचा खाडा करून आले होते. नानी बायकांत बसली होती, एरवी ती कधी सामन्याला येत नसे. सोपान नेहमीसारखाच हसत मैदानाच्या पाया पडला. स्टेजवर नाना आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत खन्ना साहेब.

पहिल्या डावात आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात कुरुळीचे गडी भराभर बाद झाले आणि त्यांच्या बाजूला सोपान एकटा उरला. आता तो पकडला गेला की सगळा संघ बाद, म्हणजे लोण. तो आला. उजव्या कोपऱ्याला हुलकावणी दिली, मधल्याच्या छातीला हात लावला, आणि वळतानाच आमचा दुसरा गडी त्याच्या कमरेला भिडला. मी घोट्याला मिठी मारली. उजवा कोपरा पाठीवर पडला, मधल्यानेही हात धरला. चौघांनी धरलेला माणूस कुठे जातो? पण तो जात होता. त्याच्या तोंडातलं ‘कबड्डी कबड्डी’ तुटत नव्हतं. माझी छाती मातीत घासत होती आणि मला कळत होतं की आपण याला धरलेलं नाही, हा आपल्याला नेतो आहे. मध्यरेषेपासून तो कितीतरी लांब होता. तरी शेवटी त्याने एक झेप घेतली आणि चौघांचं ओझं अंगावर घेऊन त्याची बोटं रेषेवर पडली.

कुणी ओरडलं नाही. एवढी माणसं, पण सगळ्यांच्या माना एकाच वेळी स्टेजकडे वळल्या. मीही मातीत पडल्या पडल्या तिकडेच पाहिलं. नाना उभे राहिले होते. माइक हातात होता, ओठ उघडे होते. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. सोपान गुडघ्यांवर बसून, धापा टाकत, वर पाहत होता. मग नानांचा आवाज आला.

“कुरुळी, चार गुण.”

बायकांतून नानीचा आवाज आला, “आरं द्येवा!” एवढंच. मग लोक टाळ्या वाजवू लागले, शिट्ट्या झाल्या, पण त्यात काहीतरी कमी आहे हे प्रत्येकाला कळत होतं. सोपानने तोंडावरची माती पुसली आणि उठला. त्यानंतर तो हसला नाही.

सामना संपायला थोडाच वेळ होता. आम्ही एक-दोन गुण काढले, त्यात बाद झालेला मी परत आत आलो. शेवटची चढाई पुन्हा सोपानचीच. दमला होता, पाय जड झाले होते. माझ्या बाजूने वळला तेव्हा मी खाली बसून घोटा धरला आणि उचलून टाकला. चांगली पकड होती. इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? नानांच्या हिशेबात ब्रिलियंट बसली असती. तोच भोंग्यातून आवाज आला, घोगरा, फाटलेला, जणू आतून ढकलून दिलेला.

“डॅझलिंग.”

मैदान उसळलं. आमच्या वस्तीतल्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं, वडील रडू लागले, जय भीमचा गजर झाला. मला आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण खांद्यावरून मला स्टेज दिसत होतं, आणि नाना खाली बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. माझी पकड डॅझलिंग नव्हती. मला ते ठाऊक होतं, सोपानला ठाऊक होतं आणि नानांना तर होतंच. मघाशी जो शब्द त्यांच्या घशात अडकला तो तिथे राहू शकला नाही. शपथेबाहेरचा पहिला माणूस समोर आला आणि शब्द त्याच्या अंगावर पडला. ढाल कुरुळीला गेली, शब्द मला मिळाला, आणि शब्दाबरोबर नोकरी.

पुढचं मला नानीने सांगितलं. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. सकाळी उठून सायकलवर खन्ना साहेबांच्या ऑफिसला गेले. आयुष्यात कुणाच्या दारात न गेलेला माणूस गेटवर ताटकळत उभा राहिला आणि आत गेल्यावर हात जोडून म्हणाला, “साहेब, काल माझी चूक झाली. खरा गडी माझा भाचा हाय.” साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी नानांना बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाले, “नाना, कल माइक पर बोलते तो मैं आँख बंद करके मान लेता. आज ये पंच नहीं, मामा बोल रहा है. आप ही बताओ, मैं क्या करूँ?” त्यांचा शब्द खरा मानला जाई तो ते कुणासाठी मागत नव्हते म्हणूनच, आणि आता ते मागायला आले होते. जी चूक होऊ नये म्हणून शपथ घेतली होती, तीच चूक करत असल्यासारखे ते त्या खुर्चीत बसले होते. चहा तसाच ठेवून ते निघाले. ही भेट झाली हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी कंपनीत दोन दिवाळ्या बोनस घेतला होता.

नानी त्यांना पुष्कळ बोलली. “त्या दिशी घसा धरलाय म्हनून घरी बसला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?” खरंच होतं तिचं. माइक दुसऱ्याच्या हातात देता आला असता. पण मला वाटतं, नानांना तो सामना बघायचा होता, सोपानचा खेळ आपल्या तोंडाने सांगायचा होता, नुसते गुण का होईना. आणि तो पोरगा त्या दिवशी तसं काही करील असं त्यांना वाटलं नसावं. डॅझलिंगची व्याख्या सगळ्यांना समजावून सांगणाऱ्या माणसाच्या पुढ्यात ते आलं तेव्हा तो तयार नव्हता.

सोपान भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, नाना म्हणत. त्याने कबड्डी सोडली आणि चाकणच्या कांदाबाजारात हमालीला लागला. जवळ म्हणून तिथेच खोली घेऊन राहू लागला. सणावाराला यायचा, मामीला साडी आणायचा, मामाच्या पाया पडायचा. वाकडं अक्षर तोंडातून नाही. फक्त बसायचा नाही. बाजारच्या दिवशी नाना सायकल काढून चाकणला जात. विकायला काही नाही, घ्यायला काही नाही. कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीजवळ उभे राहून बघत आणि परत येत. एकदा मी त्यांना तिथे गाठलं. सोपान पाठीवर गोणी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढत होता. नाना म्हणाले, “किसन, पाय बघ त्याचं. फळी हलत न्हाई.” माझ्या खिशात कंपनीचा पास होता.

त्यानंतर नाना सामने पुकारत राहिले, पण तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. कुणालाच नाही. सुरुवातीला लोक वाट बघत, मग कुरकुरू लागले, मग विसरले. हळूहळू दुसरे पुकारणारे आले. ऐंशी साल उजाडेपर्यंत डॅझलिंग इतकं स्वस्त झालं की बँडवाल्यांच्या गाडीवर ते लिहिलेलं दिसे आणि लग्नाच्या मांडवात निवेदक नवरदेवापासून जिलबीपर्यंत सगळ्यांना ते वाटत सुटे. मला वाटलं होतं नाना चिडतील. ते म्हणाले, “वाटू दे. दाबून ठिवन्यापरीस बरं.”

बाकी मला ते पूर्वीसारखेच वागवत, किंबहुना जास्तच जपत. माझ्या लग्नाला आले, माझ्या मुलीच्या बारशाला कुंची घेऊन आले. वडिलांना मी नानांच्या शब्दामुळे कंपनीत लागलो याचा फार अभिमान. ते नानांसमोर पुन्हा पुन्हा तो सामना काढत आणि नाना खाली मान घालून ऐकून घेत. मी विषय बदलायचो. एकदा वडील आत गेल्यावर ते म्हणाले, “सांगू दे रं. तुज्या बापाचं काय चुकीचं न्हाई. तुला मिळालं ते कुनाचं हिसकून न्हाई मिळालं. म्या द्यायचं तितं दिलं न्हाई, येवढंच.” मला अपराधी वाटू नये म्हणून ते असं बोलले, हे मला कळत होतं. त्यांनी असं बोलायला नको होतं, असंही वाटलं.

रिटायर झाल्यावर वर्षभरात नानांना दम्याने गाठलं. छातीचा भाता झाला होता. शेवटच्या दिवसांत मी आठवड्यातून एकदा तरी ड्यूटी सुटली की कुरुळीला जाऊन बसत असे. अशाच एका संध्याकाळी सोपान आला. त्याला बायको-मुलं झाली होती, कानशिलावर केस पांढरे दिसू लागले होते. त्या दिवशी तो बसला. खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर. नानी चहा टाकायला उठली.

मग नाना धापा टाकत म्हणाले, “सोपाना, त्या दिवशी भैरवनाथाची आन आडवी आली रं. न्हाईतर ती नोकरी...”

“मामा, नोकरीचं ऱ्हाऊ द्या,” सोपान म्हणाला. आवाजात राग नव्हता. “नोकरीचं मला तवाबी ठावं नव्हतं. साहेब आलाय, एक जागा हाय, ते मला घरी कुनी सांगितलंच न्हाई. म्या तुमच्याकडं बघत हुतो. मला वाटलं, आता मामा बोलनार.”

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायलाही त्यांना जोर नव्हता. तसंच त्यांनी विचारलं, “आता बोलू?”

सोपानने मान हलवली. “नगा, मामा. आता बोलला तर खरं म्हनून बोलला का माया म्हनून, ते मला कसं कळायचं?”

नानांनी डोळे मिटले. “व्हय,” ते म्हणाले. “ते आता न्हाई कळायचं.”

नानीने चहा आणला. सोपानने स्वतःचा कप खाली ठेवला, नानांच्या पाठीला हात लावून त्यांना उठवून बसवलं आणि बशीतून घोट घोट चहा पाजला. मी समोर बसून होतो. ज्या शब्दावर माझं घर उभं राहिलं तो ज्याचा होता, तो माणूस माझ्यासमोर बशीवर फुंकर घालत होता, आणि मला तिथून उठवेना. चहा संपल्यावर त्याने मामाचं तोंड पुसलं. मग शेवटची एसटी चुकेल म्हणून तो निघाला. नाना त्याच आठवड्यात गेले.